शंभर वॉटचा आवाज

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ९०.४ मेगाहर्ट्झवर ‘माणदेशी तरंग वाहिनी’ लागते. हेच ९०.४ देशातल्या इतर अनेक सामुदायिक रेडिओ केंद्रांकडेही आहे, तरी आवाजांची सरमिसळ होत नाही. कारण या केंद्रांची ताकद मुद्दामच कमी ठेवलेली असते. प्रक्षेपणशक्ती साधारणपणे १०० वॉट, अँटेना जमिनीपासून फार तर ३० मीटर उंच. आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर, तोही वाट मोकळी असेल तर.

एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्यमलहरींसारख्या त्या जमिनीला धरून लांबवर सरकत नाहीत. टेकडी आडवी आली, की पलीकडच्या वाडीत नुसती खरखर! अशा वेळी वॉट वाढवण्यापेक्षा अँटेना उंचावर नेणं बहुधा जास्त उपयोगी पडतं. ऐकणाऱ्यानं सेट खिडकीपाशी न्यावा, एरियल पूर्ण उघडावी, आणि सोय असेल तर स्टिरिओ बंद करून मोनोवर ऐकावं. खरखर बरीच कमी होते.

आपल्याकडे २००२ साली अशा केंद्रांचे परवाने फक्त शिक्षणसंस्थांना खुले झाले, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही. २००८ साली तेलंगणातल्या माचनूरला दलित स्त्रियांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. या केंद्रांवरून हवामान सांगता येतं, नळाला पाणी कधी येणार तेही सांगता येतं. स्वतःच्या बातम्या मात्र देता येत नाहीत. त्या आकाशवाणीच्याच घ्याव्या लागतात. आकाशवाणीवरूनच बोलतोय, तरी हे बंधन मला जरा जाचक वाटतं.