पडद्यावरील उजेड कसा वाचावा

पाचोरा ते जामनेर ही अरुंद रुळांची छोटी आगगाडी २०२० सालापर्यंत धावत होती. तिची गती बेताची असल्यामुळे खिडकीशी बसलेल्या उतारूस बाहेरचा मुलूख सावकाश पाहावयास मिळे. शेंदुर्णी, पहूर मागे पडत आणि रुळांलगतची बाभळीची झाडे भराभर मागे पळत. त्यांच्या पलीकडची कपाशीची शेते त्याहून मंद गतीने सरकत. आणि दक्षिणेकडील अजिंठ्याचे डोंगर तर गाडीबरोबरच चालत आहेत असे वाटे. त्या गाडीतून शेकडो वेळा प्रवास केलेल्या माणसास हा चमत्कार दिसत असे, पण त्याकडे त्याचे लक्ष जात नसे. चित्रपटाच्या बाबतीत आपल्याकडील सुशिक्षित प्रेक्षकाची अवस्था नेमकी अशीच आहे. पडद्यावर कॅमेरा चालू लागतो, जवळचे खांब मागे सरतात, दूरचे घर जागचे हलत नाही, आणि नायिकेच्या मनातील तगमग आपल्या अंगी भिनते. ती कशाने भिनली, हा प्रश्न मात्र त्यास पडत नाही.

“चित्रपट पाहावयास का शिकावे लागते? डोळे असले म्हणजे झाले,” असे पुष्कळांचे म्हणणे असते. वरवर पाहता ते खरेही वाटते. कथा समजते, गाणी पाठ होतात, नटनट्यांची नावे मुखोद्गत असतात. पण रागदारीचे शिक्षण नसलेल्यालाही गाणे ऐकू येतेच. म्हणून ते कळतेच असे कोणी म्हणत नाही. छायालेखन, म्हणजे कॅमेऱ्याने व उजेडाने सांगितलेली गोष्ट, हीही अशीच शिकून कळणारी विद्या आहे. आपल्या देशात तिचा आरंभ ज्याने केला, त्याने प्रथम पाहण्याचेच शिक्षण घेतले होते.

दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला, ही हकीकत बहुतेकांच्या वाचनात आली असेल. त्यानंतर त्यांनी काय केले, तिकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. त्यांनी मिळेल तेथे, मिळेल तो चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला, आणि घरी आल्यावरही त्याच विषयाच्या प्रयोगांत ते गढून गेले. डोळ्यांना इतका ताण झाला की काही काळ त्यांची दृष्टी अधू झाली आणि वैद्यकीय उपचारांनी ती परत मिळवावी लागली. पाहावयास शिकण्याची एवढी किंमत दुसऱ्या कोणी दिल्याचे क्वचितच ऐकिवात येईल. १९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, आणि कोणत्याही राजाराणीच्या कथेस हात घालण्यापूर्वी त्यांनी काय चित्रित केले? कुंडीतील वाटाण्याच्या दाण्यास फुटलेला कोंब! कॅमेरा एका जागी रोवून दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्रण करावयाचे, आणि मग ते सारे सलग दाखवावयाचे. ज्या वाढीस आठवडे लागले ती क्षणार्धात डोळ्यांसमोर घडते. रोप खरे, त्याची वाढ खरी, परंतु पडद्यावर दिसणारा काळ मात्र माणसाने घडविलेला. छायालेखनाचा पहिला धडा या एका कुंडीत सामावलेला आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तो या धड्यानंतर. त्या चित्रपटाचा कॅमेरा फिरविला तो त्र्यंबक तेलंग यांनी, आणि त्यांना ही विद्या फाळक्यांनीच शिकविली होती.

दुसरा धडा घेण्यासाठी जामनेरकरास मुंबईस जाण्याची आवश्यकता नाही. पहूरवरून फर्दापूरच्या रस्त्यास लागले की अजिंठ्याची लेणी येतात. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, गाभाऱ्यात, भगवान बुद्धांची भव्य मूर्ती आहे. तेथील वाटाडे दिवा एका बाजूस धरून मूर्तीचे मुख दाखवितात, मग तोच दिवा दुसऱ्या बाजूस नेतात, आणि अखेर समोरून धरतात. एका बाजूने मुख किंचित हसल्यासारखे दिसते, दुसऱ्या बाजूने गंभीर, समोरून ध्यानस्थ. दगड तोच आहे. शिल्पकाराच्या छिन्नीने सोडलेल्या उंचवट्यांवर सावली कोठे पडते एवढाच काय तो फरक. चित्रपटातील छायालेखक दुसरे काही करीत नाही. नटाच्या गालावरचा उजेड चार बोटे सरकविला की त्या पात्राविषयीचे प्रेक्षकाचे मत सरकते. आणि गमतीची (कित्येकदा भयाचीही) गोष्ट अशी की, ते मत आपलेच आहे असे प्रेक्षक समजत असतो.

लेण्यांच्या अंधारात ती चित्रे रंगविली तरी कशी, याविषयी एक तर्क पूर्वीपासून सांगितला जातो. बाहेरचे ऊन आरशांनी अथवा पांढऱ्या वस्त्रांनी परावर्तित करून आत घेतले असावे, असा तो तर्क. त्याचा निकाल विद्वानांनी लावावा. परंतु १९५९ सालच्या ‘कागज के फूल’ या चित्रपटात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी हीच युक्ती योजली, ही गोष्ट निर्विवाद आहे. ओस चित्रशाळेत वरून एक जाडजूड सूर्यकिरण खाली उतरतो आणि त्याच्या दोन बाजूंस नायक व नायिका उभी असतात. तो किरण मूर्तींनी बाहेर ठेवलेल्या मोठ्या आरशांवरून खरे ऊन आत वळवून आणला होता. त्या दोघांमध्ये जे बोलता येत नाही ते तो किरण बोलतो. संवाद लिहिणाऱ्याचे काम उजेडाने केले आहे. याच मूर्तींना पुढे २००८ या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळविणारे ते पहिले छायालेखक. पुरस्कार १९६९ पासून दिला जात असता एका छायालेखकाची पाळी येण्यास इतकी वर्षे लागावीत, यावरून या कलेकडे आपले किती दुर्लक्ष झाले आहे, हे सांगावयास नको.

खानदेशात हा उजेड ओळखणारा एक माणूस मात्र चाळीसगावात राहून गेला. कैखुश्रू ऊर्फ केकी मूस यांचा जन्म १९१२ साली मुंबईस झाला. विलायतेत कलेचे शिक्षण घेऊन ते परतले आणि चाळीसगावच्या स्थानकालगतच्या आपल्या बंगल्यात त्यांनी १९८९ पर्यंतचे आयुष्य जवळजवळ अज्ञातवासात घालविले. घराबाहेर ते क्वचितच पडत. त्यांच्या या एकांतवासाविषयी नाना आख्यायिका आहेत. त्या तूर्त बाजूस ठेवलेल्या बऱ्या. मेजावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर योग्य तो प्रकाश टाकून, दूरदेशीच्या निसर्गदृश्याचा हुबेहूब भास निर्माण करणारी छायाचित्रे ते काढीत. बंगल्याला त्यांनी नाव दिले होते डच चित्रकार रेम्ब्रांट याचे. हे नाव सहजासहजी दिलेले नाही. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी काळोखात, आणि काळोखातल्या गालावर उजेडाचा एक लहानसा त्रिकोण. अशा प्रकाशयोजनेस जगभरचे छायालेखक अद्याप रेम्ब्रांटचेच नाव देतात. खोलीचे दार न ओलांडता हिमालय उभा करता येतो, हे मूसांनी दाखविले. आणि ज्यास हिमालय उभा करता येतो, त्यास खोटेही उभे करता येईल, हेही त्यातूनच ध्यानात यावे.

आता कॅमेऱ्याच्या अंतराविषयी. प्रभात कंपनीच्या १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’ या बोलपटात चंद्रमोहन यांनी राजगुरूचे काम केले आहे. दिग्दर्शक शांताराम आणि छायालेखक केशवराव धायबर यांनी दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाच्या साहाय्याने त्या राजगुरूचा डोळा सबंध पडद्यावर पसरविला. नाटकाच्या पहिल्या रांगेत बसलेल्या माणसासही नटाचा डोळा एवढा मोठा दिसणे शक्य नाही. म्हणूनच तो डोळा पाहताच, बोलपट हा नाटकाचा धाकटा भाऊ नव्हे, हे त्या काळच्या प्रेक्षकास आपोआप उमजले असेल. उलट, अंतर वाढवूनही फार मोठी गोष्ट सांगता येते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ सालच्या चित्रपटात छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर राहतो. आरोपी लोककवी, वकील, न्यायाधीश आणि मागच्या बाकांवर ताटकळणारी माणसे, सारी एकाच चौकटीत. कोणाच्याही जवळ जाऊन कॅमेरा त्याची कड घेत नाही. कामकाज संपल्यावर कचेरी रिकामी होते, दिवे मालविले जातात आणि पडदा काळोखात बुडतो. चित्रपट संथ आहे म्हणून कंटाळणाऱ्यांनी, आपली नजर त्या चौकटीत कोठे कोठे फिरत होती, एवढे एकदा आठवून पाहावे. जेथे कॅमेरा बोट दाखवीत नाही तेथे प्रेक्षकालाच निवड करावी लागते, आणि त्या श्रमाची सवय मोडल्यामुळे कंटाळा येतो. सांप्रत गाण्यागणिक कॅमेरा भिंगरीसारखा गरगर फिरविण्याची जी टूम निघाली आहे, तिने ही सवय मोडण्यास मोठाच हातभार लावला आहे.

अंतराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅमेरा कोणाच्या जागी उभा आहे, ही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) कैकाडी समाजातील जब्या आणि त्याचे आईबाप डुक्कर पकडीत असतात आणि गाव तमाशा पाहावा तसा ते पाहात हसत असते. पकडलेले डुक्कर काठीस बांधून ते नेत असता मागील शाळेच्या भिंतीवर डॉक्टर आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे दिसतात. एकही वाक्य उच्चारले जात नाही. पुढची ओझे वाहणारी माणसे आणि मागची भिंत ही एकाच चौकटीत आली, इतकेच. ज्याची नजर केवळ पुढच्या माणसांवर राहिली, त्याने अर्धाच चित्रपट पाहिला. आणि अखेरीस जब्या चिडविणाऱ्यावर जो धोंडा भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. म्हणजे चिडविणाऱ्यांच्या घोळक्यात आतापावेतो कोण उभे होते? तिकीट काढून आलेला प्रेक्षक! तो धोंडा आपल्याला लागला की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. पण कॅमेरा तेथेच का ठेवला, हे ध्यानात आल्याशिवाय तो लागण्याचाही संभव नाही.

या विद्येची निकड पूर्वी नव्हती इतकी आज आहे. गावच्या जत्रेत तंबूतील सिनेमा वर्षातून एकदा येई, त्या काळी माणूस वर्षातील एक रात्र हलत्या चित्रांपुढे बसे. आज जामनेरमधील शाळकरी मुलाच्या हाती फोन आहे, आणि त्यावर तो दिवसाकाठी जितकी चित्रे पाहतो तितकी फाळक्यांनी महिन्यातही पाहिली नसतील. त्यांत जाहिराती असतात, बातम्या असतात, निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांची छबी असते. पुढाऱ्यास खालून टिपले की तो उंच व बलवान भासतो, विरोधकास वरून टिपले की तो खुजा. सभेच्या गर्दीवर दूरदर्शी भिंग रोखले की विरळ माणसे दाट दिसतात. अक्षरे वाचावयास शिकविण्यासाठी आपण मुलास दहा वर्षे शाळेत बसवितो. चित्र वाचावयास शिकविण्यासाठी एक तासही वेळापत्रकात नाही. पुण्यास प्रभातच्याच जुन्या जागेत १९६० पासून चित्रपटशिक्षणाची संस्था आहे, १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही तेथे आहे, आणि प्राध्यापक सतीश बहादुर यांनी रसास्वादाचे वर्ग चालवून सामान्य प्रेक्षकासाठीही ती दारे उघडी केली. पण पुण्यास किती जण जाणार?

शिवाय पाहण्याजोगे जे आहे ते टिकेलच असाही भरवसा नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी मेजर रॉबर्ट गिल हे १८४४ पासून वर्षानुवर्षे येथे राबले. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला. त्या रंगीत नकलांपैकी बहुसंख्य लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली आगीत भस्म झाल्या. गिल यांची कबर भुसावळात आहे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’चे आज काही भागच शिल्लक आहेत. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार करून काढलेल्या मूकपटांचीही तीच दशा आहे. ‘सावकारी पाश’मधील झोपडीतल्या अंधुक उजेडाचे वर्णन वाचूनच समाधान मानावे लागते.

अभ्यास घरच्या घरी करावयाचा झाल्यास फार साहित्य लागत नाही. पाहिलेल्या चित्रपटातील एखादा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहावा, आणि प्रत्येक दृश्यास तीन प्रश्न विचारावे : उजेड कोणीकडून येत आहे, कॅमेरा माणसाच्या डोळ्यांहून उंच आहे की खाली, आणि चौकटीच्या बाहेर काय ठेवले आहे? पहिल्या दिवशी उत्तरे चुकतील, हरकत नाही. रिकाम्या काडेपेटीचे आतले खण काढून टाकून उरलेल्या पोकळ टरफलातून मुलांना घराचे अंगण पाहावयास सांगावे. तुळशीवृंदावन चौकटीच्या मध्यभागी धरले तर अंगण कसे दिसते आणि एका कोपऱ्यात धरले तर कसे, हे ती आपण होऊन सांगू लागतात. आणि रात्री वीज गेली असता घरात एकच दिवा पेटविला तर तो जेवणाऱ्यांच्या मधोमध ठेवण्याऐवजी थोडा वेळ आजीच्या डाव्या अंगास, मग उजव्या अंगास ठेवावा, आणि समोर बसलेल्या नातवाला विचारावे की आजी कोणत्या वेळी रागावलेली दिसली.