फातिमा : एका नावाची कुळकथा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नावांविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. नावे अनेक, मी एकच घेतले आहे, फातिमा.

हे नाव अरबी. 'फतम' या धातूचा अर्थ तोडणे, आणि विशेषेकरून मुलाचे दूध तोडणे. तेव्हा फातिमा म्हणजे मूल अंगावरून तोडणारी. मौज पाहा, आपणही 'तोडणे' हेच क्रियापद वापरतो! ज्या आईने हे केले आहे तिला त्या चार रात्रींचे रडणे, तिचे आणि मुलाचे, निराळे सांगायला नको. पूर्वी किती तान्ही त्या दिवसापर्यंत पोचतच नसत. म्हणून लेकीला हे नाव ठेवण्यात, ती आई होवो आणि तिचे मूल तेवढे वाढो, असा आशीर्वाद असावा असे मला वाटते.

इस्लामच्या आधीही हे नाव होते. हजरत अलींच्या आईचे नाव फातिमाच. पण जगभर ते नेले पैगंबरांच्या कन्येने. हसन-हुसेनांची ही आई. मोहरमात आपल्या खेड्यांतून ताबूत निघतात ते हिच्याच लेकराच्या शोकाचे. हुसेन करबल्यास इ. स. ६८० मध्ये पडले. तिला 'झहरा', म्हणजे तेजस्विनी, म्हणतात. परंतु तिची जी कथा मला फार आवडते ती जात्याची आहे. दळून दळून हाताला घट्टे पडले, म्हणून ती वडिलांकडे मदतीला एखादी बाई मागायला गेली. वडिलांनी दिले ते शंभर वेळा करायचे नामस्मरण. आजही नमाजानंतर ते तिच्या नावाने करतात. जात्यावर ओव्या गाणाऱ्यांच्या लेकींना यात नवल वाटू नये. (मदतनीस मिळाली असती तर अधिक बरे झाले असते, असे कोणी मनात म्हणाले तर मी रागावणार नाही.)

तिच्या वंशाचे म्हणवणाऱ्या फातिमी खलिफांनी ९६९ साली कैरो वसवले. तुर्कस्तानात हे नाव फात्मा झाले, पश्चिम आफ्रिकेत फातू.

गेल्या जूनमध्ये आपल्या बालवाडीत एक आई आली. मुलीचे नाव विचारले, तर हळूच म्हणाली, "बाई, पटावर दुसरे काही लिहिलेत तर चालेल का? आधीच्या ठिकाणी पोरं तिला नावावरनं चिडवत." शिक्षिकाबाईंनी तिला बसवले, चहा दिला आणि पटावर 'फातिमा' असेच ठळक लिहिले. मग विचारले, "हाक काय मारता?" "फातू," ती म्हणाली.

त्या मुलीला पुढे कोणी चिडवलेच, तर तिला सांगायला आपल्याजवळ पुष्कळ आहे. १८५६ साली माहेरी नायगावास आजारी असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात मागे एकटीने काम ओढणाऱ्या फातिमेची काळजी आहे. १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' हा बोलपट येण्यापूर्वीच्या काळातला चित्रपट दिग्दर्शित केला तो फातमा बेगम यांनी. आपल्या देशातील या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक. 'मदर इंडिया'तल्या नर्गिसचे मूळ नाव फातिमा रशीद. आणि सर्वोच्च न्यायालयात १९८९ साली पहिली स्त्री न्यायाधीश बसली, ती केरळची फातिमा बीवी.

गोव्याच्या भगिनी मघापासून हसत आहेत, कारण त्यांच्या शेजारणीही फातिमा, आणि त्या तर ख्रिस्ती! पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचे गाव आहे. तिथे अरबांचे राज्य होते त्या काळच्या एका मुसलमान राजकन्येवरून ते पडले, अशी दंतकथा आहे. १९१७ साली त्या गावी मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांनी मरियामातेचे दर्शन झाल्याचे सांगितले, आणि माता 'फातिमेची' झाली. तेथून हे नाव गोव्याच्या चर्चमध्ये आले, आणि बाप्तिस्म्याच्या वहीत उतरले.

अध्यक्षीणबाईंनी घड्याळ दाखवले आहे. बसते.