पुराची रेघ आणि पॉलिसीची ओळ

(मिळकतमालक व बांधकाम कंत्राटदारांच्या विमा परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण, चिपळूण)



वाशिष्ठी नदीच्या काठी, चिपळुणात मी आपल्या सर्वांचं मनापासून स्वागत करतो.

हे गाव भगवान परशुरामाच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं आहे. १८६४ साली सुरू झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर इथे आहे. २०१३ साली ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावाने भरवलं. सह्याद्रीपलीकडे अडवलेलं कोयनेचं पाणी वीज निर्माण करून कोळकेवाडीमार्गे आमच्या वाशिष्ठीत येतं, आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते. नदीमुळे हे गाव मोठं झालं आणि नदीनेच या गावाची परीक्षाही पाहिली. आपण बाजारपेठेतून चालत आला असाल, तर काही दुकानांच्या भिंतींवर पुराच्या दोन खुणा दिसल्या असतील. खालची २६ जुलै २००५ ची, वरची २२ जुलै २०२१ ची. मधल्या सोळा वर्षांत लोकांनी कर्ज काढून दुकानं पुन्हा उभी केली होती. ती एका दिवसात पुन्हा चिखलात गेली. म्हणून ही परिषद चिपळुणात भरणं मला योग्य वाटतं. पॉलिसीची प्रत्येक ओळ या गावाने चिखलात उभं राहून वाचलेली आहे.

मी चाळीस वर्षं बांधकामाच्या धंद्यात आहे. आपल्यापुढे एक स्वतःची गोष्ट ठेवतो, कारण तिच्यातूनच या परिषदेची कल्पना निघाली.

२०२१ साली माझ्या एका बालमित्राच्या दुमजली इमारतीचं काम माझ्याकडे होतं. खाली दुकान, वर राहती जागा. कामाची मुदत ३१ मे २०२१ पर्यंत होती आणि कंत्राटदाराची सर्व जोखमींची पॉलिसी, जिला आपण साइटवर सी.ए.आर. म्हणतो, तीही त्याच तारखेपर्यंत. टाळेबंदीत मजूर गावी गेले, काम रखडलं. मित्राने मला सहा महिन्यांची मुदतवाढ लेखी दिली. ते पत्र मी फाइलला व्यवस्थित लावलं. पॉलिसीची मुदत वाढवायची मात्र राहून गेली. मला वाटलं, मालक बघेल. त्याला वाटलं, कंत्राटदार बघेल.

२२ जुलैला स्लॅबचं सेंट्रिंग उभं होतं, सळ्या बांधून झाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा सेंट्रिंगच्या प्लेटा शेजारच्या कंपाउंडात चिखलात रुतलेल्या होत्या. सिमेंटच्या गोण्यांचे दगड झाले होते. गोणी फाडली तरी आतला दगड गोणीच्याच आकाराचा राहायचा. मिक्सरच्या ड्रममध्ये गळ्यापर्यंत गाळ होता. दावा केला, तो नाकारला गेला. कागदावर कंपनीचं बरोबर होतं. त्या दिवशी पॉलिसी जिवंतच नव्हती. मग नुकसान कोणाचं, यावरून आम्हा दोन मित्रांत जे सुरू झालं, त्यात दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या घरच्या गणपतीला गेलो नाही. पैसे पुढे भरून निघाले. ते दोन गणपती काही परत आले नाहीत.

मित्रहो, विम्याचा वाद दाव्याच्या दिवशी डोळ्यांना दिसतो, पण त्याचं बी सहीच्या दिवशी पडलेलं असतं. आज दिवसभराच्या चर्चेत आपण हे एवढं लक्षात ठेवावं, अशी माझी विनंती आहे.

मालकाच्या बाजूने पाहू. बँकेने कर्ज देताना सांगितलं म्हणून दुकानदार फायर पॉलिसी घेतो आणि हप्ता कमी बसावा म्हणून विमा रक्कम कमी लिहितो. गोदामात माल ८० लाखांचा, पॉलिसी ४० लाखांची. पाण्यात २० लाखांचा माल गेला. दुकानदार म्हणतो, माझी पॉलिसी ४० लाखांची आहे, मला २० लाख द्या. कंपनी ॲव्हरेज लावते. निम्म्याच मालाचा विमा होता, म्हणून नुकसानाचेही निम्मे, १० लाख, आणि त्यातून एक्सेस, म्हणजे विमेदाराने स्वतः सोसायचा वाटा, वजा. दुकानदाराला हा अन्याय वाटतो, पण हा हिशेब पॉलिसीत पहिल्या दिवसापासून लिहिलेला असतो. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा पॉलिसी आली, तिच्यात घरमालकाला असा ॲव्हरेज लागत नाही. एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आली, तिच्यात विमा रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर कपात होत नाही. या सोयी अजून कितीतरी लहान दुकानदारांच्या कानावरच आलेल्या नाहीत.

कोकणातल्या लोकांनी आणखी एक अट नीट पाहावी. फायर पॉलिसीच्या चालत आलेल्या अटींत इमारत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली, तर कंपनीची पूर्वसंमती घेतलेली नसल्यास संरक्षण थांबतं. आमच्या चाकरमान्यांची दारं गणपती ते शिमगा आणि शिमगा ते मे महिना बंद असतात. मुंबईत बसून हप्ता भरणाऱ्याला या ओळीची कल्पनाच नसते. तसंच, पुराचं संरक्षण हप्त्यात सूट मिळते म्हणून काढून टाकलेल्या जुन्या पॉलिसीही नदीकाठच्या गावांत होत्या. थोड्याशा सवलतीपायी माणूस नदीलाच पॉलिसीबाहेर ठेवून बसतो.

आता कंत्राटदाराच्या बाजूने. सी.ए.आर. पॉलिसीच्या नावात सर्व जोखमी असल्या, तरी तिच्यातून बरंच काही वगळलेलं असतं. आराखडाच सदोष असेल तर भरपाई नाही. निकृष्ट माल किंवा निकृष्ट काम असेल तर तो खराब भाग पुन्हा करण्याचा खर्च मिळत नाही. मात्र त्यामुळे शेजारचं नीट केलेलं काम कोसळलं, तर त्या चांगल्या कामाची भरपाई मागता येते. खराब भाग कुठे संपतो आणि चांगलं काम कुठे सुरू होतं, याच सीमेवर सगळं भांडण होतं. तिथे उपयोगी पडतात ती साइटवरची नोंदवही, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे निकाल आणि रोजचे तारखेसह फोटो. ज्याच्याकडे हे असतं, त्याचा दावा उभा राहतो.

दसऱ्याचा मुहूर्त साधायचा म्हणून मालक खालचं दुकान उघडतो आणि वरच्या मजल्याचं काम चालूच राहतं. असं आपल्याकडे किती वेळा होतं! जो भाग ताब्यात घेतला किंवा वापरात आला, त्या भागापुरतं सी.ए.आर.चं संरक्षण त्याच दिवशी संपतं, मुदत शिल्लक असली तरी. दुकानाची स्वतंत्र पॉलिसी अजून घेतलेली नसते. पेढे वाटले जातात आणि त्याच दिवशी दुकान उघड्यावर पडलेलं असतं.

आमच्या भागात डोंगर कापल्याशिवाय रस्ताही होत नाही आणि घरही होत नाही. परशुराम घाटातून आपण आला असाल, तिथे दरडीचा धसका पावसाळ्यात सगळ्यांनाच असतो. फायर पॉलिसीत भूस्खलनाचा समावेश असतो, पण खोदकामामुळे घडलेलं नुकसान त्यातून वगळलेलं असतं. दरड पावसाने आली की खोदाईने, हा प्रश्न घरमालक आणि कंत्राटदार यांना समोरासमोर उभा करतो. खोदाई सुरू होण्यापूर्वी आजूबाजूच्या घरांच्या भिंतींचे, जुन्या तड्यांचे फोटो दोन्ही बाजूंनी सह्या करून ठेवले आणि आसपासच्या मिळकतीची जोखीम सी.ए.आर.मध्ये जादा हप्ता भरून घेतली, तर त्यातला अर्धा वाद तिथेच मिटतो.

या सभागृहात आलेल्या सर्व्हेअर बंधूंचं मी वेगळं स्वागत करतो. २०२१ च्या त्या आठवड्यात गमबूट घालून, नाकाला रुमाल बांधून सडलेल्या धान्याची पोती मोजणारे सर्व्हेअर मी पाहिले आहेत. एका कापड दुकानदाराची सगळी वहीखाती भिजून लगदा झाली होती. सर्व्हेअरने त्याला शांतपणे खाली बसवलं आणि जीएसटीच्या पोर्टलवरून खरेदीची विवरणपत्रं काढायला सांगितली. घाऊक व्यापाऱ्यांकडून बिलांच्या प्रती मागवल्या, बँकेला दरमहा दिलेलं स्टॉकचं पत्रक ताडून पाहिलं. पाण्यात गेलेला माल कागदावर परत उभा राहिला. त्याच वेळी, कर्ज जास्त मिळावं म्हणून किंवा कर कमी बसावा म्हणून ज्यांनी एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा आकडा दिला होता, त्यांची पंचाईत झाली हेही खरं. चार ठिकाणी एकच आकडा असणं, हीच दुकानदाराची मोठी पॉलिसी आहे.

तरीही सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली प्रदीप कुमार यांच्या खटल्यात सांगितलं आहे. अहवालाला महत्त्व आहे, पण सबळ पुराव्याने तो खोडता येतो. २०२२ चा टेक्स्को मार्केटिंगचा निकाल प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावा. दुकान तळघरात होतं. कंपनीने जागा पाहिली होती, हप्ते घेतले होते, आणि आग लागल्यावर पॉलिसीत तळघर वगळलेलं आहे, असं सांगितलं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. जी अट पहिल्या दिवसापासून विमा पोकळ करते आणि जी ग्राहकाला समजावून सांगितलेली नाही, तिच्या आडोशाने दावा नाकारता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली. दावा नाकारणाऱ्या पत्रात जी कारणं दिली नाहीत, ती कंपनीला पुढे न्यायालयात नव्याने काढता येत नाहीत. म्हणून ते पत्र रागाने फाडू नका. तुमच्या खटल्याचा पाया तेच आहे.

दाद मागण्याच्या वाटाही माहीत हव्यात. व्यक्ती, एकल मालकीची दुकानं आणि सूक्ष्म उद्योग यांना विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारीसाठी फी न भरता, वकील न लावता जाता येतं. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कोणत्या आयोगाकडे जायचं, हे दाव्याच्या रकमेवर ठरत नाही, ग्राहकाने भरलेल्या रकमेवर, म्हणजे विम्यात हप्त्यावर ठरतं. त्यामुळे कोटीचा दावा असला, तरी लहान व्यापारी आपल्या जिल्हा आयोगातच उभा राहू शकतो.

विमा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना यजमान या नात्याने माझी हात जोडून विनंती आहे. पॉलिसीच्या सगळ्या अटी मराठीत द्या. गवंडीकाम करत करत कंत्राटदार झालेला माणूस सळीचा व्यास नजरेने सांगतो. इंग्रजीतली तीस पानं त्याला कोण सांगणार? दावा नाकारायचाच असेल तर कोणत्या अटीनुसार, हे मराठीत लिहून कळवा. आणि एजंट मित्रांनो, सही घेण्यापूर्वी एकदा साइटवर या, गोदाम उघडून बघा, नदी किती लांब आहे ते पाहा.

स्वागत समितीने या परिषदेपुढे एक छोटा प्रस्ताव ठेवला आहे. प्रत्येक बांधकामाच्या करारनाम्याला एक मराठी पान जोडायचं. विमा कोण काढणार, दोघांचीही नावं पॉलिसीत आहेत का, ती कोणत्या तारखेपर्यंत आहे, कामाला मुदतवाढ मिळाली तर पॉलिसीची मुदत कोण वाढवणार, एक्सेस कोणाच्या खिशातून जाणार, नुकसान झाल्यावर कंपनीला पहिला फोन कोण करणार. सहा प्रश्न आणि खाली दोन सह्या. अभियंते, वकील आणि सर्व्हेअर मंडळींनी आज संध्याकाळपर्यंत या पानाला पक्कं रूप द्यावं, अशी आमची अपेक्षा आहे.

ज्या मित्राबद्दल मी बोललो, तो आज समोर बसला आहे. त्याच्या मुलाच्या घराचं काम दिवाळीनंतर मी सुरू करतोय. आपण तयार कराल त्या पानावर पहिल्या दोन सह्या आम्हा दोघांच्या असतील, असं आम्ही कालच ठरवलं.