लेकी बोले, नवऱ्या लागे



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर समितीतल्या एका ज्येष्ठांचा फोन आला : ‘अमेरिकन कंट्री संगीतातला व्यभिचार’ हे सहकुटुंब ऐकण्यासारखं आहे ना? म्हटलं, सहकुटुंबच या. (हशा) पुढे बरीच जोडपी दिसताहेत.

कंट्री संगीताचं माहेरघर नॅशव्हिल, तिथला ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओ कार्यक्रम, गायक हँक विल्यम्स हे आपल्याला ठाऊकच आहे. १९५२मध्ये गायिका किटी वेल्सनं एका गाण्यात बायकांच्या घसरणीचं पाप पुरुषांच्या पदरात टाकलं, एनबीसी रेडिओनं गाण्यावर बंदी घातली, तरी ते ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या कंट्री यादीत पहिलं आलं, हेही जाणताच. मात्र तिचा स्वतःचा संसार १९३७ ते २०११, एकाच नवऱ्याशी! माझं म्हणणं हेच. फसवणुकीचं गाणं हे टिकलेल्या संसाराचं गाणं असतं. ज्यांचं मोडलं त्या वकील गाठतात, त्या गातील कशाला?

कोण म्हणालं टॅमी वायनेट? हो, घटस्फोटावरचं या कंट्री गायिकेचं गाणं १९६८चं आहे. पण नवऱ्याला सांभाळून घ्या, हे सांगणारं गाणंही तिनं त्याच वर्षी म्हटलं. ते कसं विसरता? असो.

आता गायिका लोरेटा लिन घ्या. केंटकीतल्या खाणकामगाराची मुलगी. १९४८मध्ये, पंधराव्या वर्षी लग्न. नवरा ऑलिव्हर, सगळे त्याला डूलिटल म्हणत. दारू प्यायचा, बाहेरख्याली होता. तिनंच ते लिहून ठेवलंय. पण सिअर्सच्या दुकानातून सतरा डॉलरची गिटार तिच्या हातात कोणी ठेवली? त्यानंच! १९६०मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा दोघं गाडीतून एकेका रेडिओ केंद्राच्या दारात जाऊन उभी राहायची. रात्री झोप गाडीतच, जेवण म्हणजे सँडविच. तिचा फोटो त्यानंच काढला आणि रेकॉर्डबरोबर गावोगाव धाडला.

पुढे एका कार्यक्रमाआधी एक बाई रडत आली. नवरा दुसरीला घेऊन प्रेक्षकांत बसलाय म्हणाली. लोरेटानं पडद्याआडून त्या दुसरीला न्याहाळलं, तुझा नवरा हिरावण्याची तिची काय बिशाद, असं त्या बाईला बजावलं आणि खोलीत जाऊन गाणं लिहून काढलं. ते १९६६चं. १९६८च्या गाण्यात तर तिनं थेट ठोसे लगावण्याची धमकी दिली. ते डूलिटलच्या मागे लागलेल्या बाईला उद्देशून होतं. पहिला नंबर! म्हणजे आरोपी गाडी हाकतोय, फिर्यादी शेजारी बसलीय आणि खटल्याची कमाई दोघांच्या एकाच घरात येतेय. (हशा)

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? डॉली पार्टनचं ‘जोलीन’ हे गाणं अख्खं राहिलंय! थोडक्यात सांगतो. १९७३. तिच्या नवऱ्याशी लाडीगोडी करणारी बँकेतली तांबड्या केसांची बाई... राहू द्या. मुद्दा एवढाच : तिथंही आर्जवं ‘तिला’ आहेत, नवऱ्याला अवाक्षर नाही. लेकी बोले सुने लागे, तसं हे लेकी बोले नवऱ्या लागे. त्याला समोरासमोर बोलावं तर भांडण आणि उद्या पुन्हा त्याच चुलीपाशी उभं राहायचंय. त्या दुसरीला झोडपलं की त्यालाही कळतं आणि घरही उभं राहतं. लोरेटाचं राहिलं, १९९६मध्ये डूलिटल गेला, शेवटची वर्षं दौरे सोडून तिनंच त्याचं आजारपण काढलं.

ही स्त्रीची हार नाही का, असं मला नेहमी विचारतात. आज प्रश्नोत्तरांना वेळ नाही म्हणे. तेव्हा शंका असल्यास परतीच्या वाटेवर शेजारी बसलेल्याला विचारा.

(टाळ्या)