जलपरी, मेगालोडॉन आणि ब्रह्मपुरीचा वाघ

गोंदियातून बोलतोय. आजचा भाग छोटाच आहे.

२०१२ मध्ये ॲनिमल प्लॅनेटवर 'मर्मेड्स: द बॉडी फाउंड' लागली. त्यातले शास्त्रज्ञ म्हणजे नट, आणि जलपरी कॉम्प्युटरवर बनवलेली. तरी लोकांनी विचारणा केली, आणि नोआ या अमेरिकेच्या सरकारी संस्थेला जाहीर करावं लागलं: जलपऱ्यांचा काहीही पुरावा नाही. पुढच्याच वर्षी डिस्कव्हरीने मेगालोडॉन शार्क 'जिवंत' केला. तो तर लाखो वर्षांपूर्वीच संपलाय. खुलासा होता, पण अगदी शेवटी, झर्रकन गेला.

बघणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. त्याच चॅनलवर, तशाच गंभीर आवाजात काल खरा देवमासा दाखवला होता ना!

आता आपल्याकडे या. २०२५ मध्ये एक सीसीटीव्ही व्हिडिओ फिरला. ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर वाघ माणसावर झडप घालतो. वनविभागाने सांगितलं, हा एआयचा आहे. पण आपल्याला पटतो, कारण इथले वाघ खरे आहेत. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी भागातल्याच दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या.

उन्हाळ्यात बाया पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात जातात. उद्या ग्रुपवर खरा इशारा आला आणि कुणी "हे पण एआयच असेल" म्हणून सोडून दिलं तर? म्हणून आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर सेव्ह करून ठेवा. वाघाचा व्हिडिओ आला की आधी त्याला फोन, मग फॉरवर्ड.