मुरणे आणि ओसरणे



आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार कामगारवस्तीत ज्याने आयुष्यभर पाहिले, त्याने द्राक्षमद्यावर बोलावे काय? आम्ही ते कधी चाखलेले नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. परंतु फ्रान्समधील बोर्दोच्या तळघरांविषयी वाचताना आम्हांला जो प्रश्न भेटला, तो आमच्याही कामातला आहे. एखादी गोष्ट पक्व झाली हे ओळखावे कसे?

लोणचे मुरते हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. बोर्दोचे तांबडे मद्यही मुरते. द्राक्षाच्या सालीतून व बियांतून त्यात तुरटपणा उतरतो. ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत ते वर्ष-दीड वर्ष राहते. तळाशी गाळ बसला की कामगार वरचे निवळ मद्य दुसऱ्या पिंपात काढतात. मेणबत्तीच्या उजेडात धार पाहायची आणि गढूळपणा दिसताच हात थांबवायचा, अशी तिथली जुनी रीत. मग बाटल्या भरून अंधाऱ्या, बारा-तेरा अंश उष्णतेच्या तळघरात आडव्या ठेवतात, म्हणजे बूच सुकत नाही.

बाटलीत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. तुरट द्रव्याचे कण एकमेकांना जुळून जड होतात व तळाशी बसतात, त्यामुळे चव मऊ होते. पण त्याच काळात ताज्या फळाचा वासही ओसरू लागतो आणि त्याच्या जागी सुकी पाने, ओली माती, तंबाखू यांचा गंध येतो. तुरटपणा निवला आहे आणि फळ अजून गेलेले नाही, तो काळ पक्वतेचा. तो एका दिवसाचा मुहूर्त नसतो. चांगल्या मद्यात तो कित्येक वर्षे टिकतो, पण संपतो खास.

बाटलीवरचे साल पाहून हे कळत नाही. १९६१ साली मे महिन्यातल्या हिमाने पीक थोडे आले, पण मद्य असे निघाले की ते दशकानुदशके टिकले. १९७५चे मद्य फार तुरट होते. लोक आशेने थांबले, आणि कित्येक बाटल्यांत तुरटपणा निवण्यापूर्वीच फळ निघून गेले. किमतीवरूनही कळत नाही. बोर्दोची प्रसिद्ध प्रतवारी १८५५ साली बाजारभाव पाहून झाली. पक्वतेची वेळ तीत सापडणार नाही.

मग जाणते काय करतात? पांढऱ्या कापडासमोर पेला कलता धरून कडेचा रंग पाहतात. जांभळट असेल तर कोवळे, विटकरी झाले तर मुरलेले. अर्धी बाटली लवकर मुरते, दुप्पट आकाराची उशिरा. पण खरी कसोटी एकच. एकाच मद्याच्या बारा बाटल्या घ्यायच्या आणि काही वर्षांनी एक उघडायची. कडक लागली तर बाकीच्या ठेवायच्या, चांगली लागली तर अधिक चांगलीच्या लोभात न पडता त्या एकेक करून संपवायच्या. एक बाटली खर्ची पडते, पण उरलेल्या अकरांची बातमी देते.

ही जीभ जन्मजात नसते. १९१२ साली जन्मलेले एमिल पेनो पंधराव्या वर्षी बोर्दोच्या एका मद्यव्यापाऱ्याच्या पेढीत कामाला लागले. काम करता करता ते शिकले, डॉक्टर झाले आणि १९८० साली त्यांनी मद्याच्या चवीवर ग्रंथ लिहिला. शाळा लवकर सुटलेल्या आमच्यासारख्यांना हे वाचून धीर येतो.

आता आमची एक चूक सांगतो. एका कारखान्यात बोनसचा तंटा होता. दसऱ्याला माणसे तयार होती. आम्ही म्हटले, दोन महिने थांबा, मालाची मागणी वाढली की मालक नमेल. हिशेबाचे कागद आम्ही दहादा वाचले, पण दरवाज्यावर जाऊन चार माणसांना विचारले नाही. मागणी वाढली, हिशेब खरा ठरला. तोवर घरोघरचे उसने संपले होते आणि निम्म्यांनी मिळेल त्यावर सह्या केल्या होत्या. आमचे फळ निघून गेले होते, तुरटपणा तेवढा राहिला.

उतावळेपणाने कोवळी बाटली फोडणारा नुकसान करतो, हे सर्वांना दिसते. जपत बसणाऱ्याचे नुकसान तळघरात, अंधारात होते, म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. तो दोष आम्ही स्वतःला देत आलो आहोत. थांबावे जरूर, पण अधूनमधून एक बाटली उघडून पाहत थांबावे.