उदासी, गोळी आणि धीर



पाथर्डी-शेवगावकडची एखादी बाई दवाखान्यात येते, ती अंग दुखतं, झोप नाही, अशक्तपणा आहे म्हणून. सोबतचा नवरा म्हणतो, "एक सलाईन लावा, तरतरी येईल." कधीपासून असं होतंय, हे दोघांनाही आठवत नाही. स्वयंपाक, खुरपणी, लग्नकार्य, काहीच अडलेलं नसतं. फक्त तिला कशात गोडी वाटत नाही. "तिचा स्वभावच तसा," असं घरच्यांनी केव्हाच ठरवलेलं असतं.

दोन वर्षं किंवा त्याहून जास्त रेंगाळणाऱ्या या नैराश्याला डॉक्टर डिस्थायमिया म्हणतात. गोळ्यांनी फरक पडतो का? पडतो, पण सगळ्यांना नाही. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी साध्या ओपीडीतल्या उदास, चिंताग्रस्त रुग्णांवर चाचणी केली. 2003 साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी घेणारे बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरे होते. समुपदेशनाचा तिथे तसा गुण दिसला नाही. मात्र 2017 मध्ये गोव्यातच, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी घेतलेल्या सहा-आठ बैठकांनी तीव्र नैराश्यातही फरक पडला. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. ते पाहिलेल्या आपल्या जिल्ह्याला याचं नवल वाटू नये.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. नैराश्याची गोळी पॅरासिटामॉलसारखी तासाभरात काम करत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, बेचैनी हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो. मग उरलेली पट्टी फडताळात हळदीच्या डब्यामागे जाते आणि "मला नाही मानवली" असा निकाल लागतो. याउलट मेडिकलवाल्याकडून आणलेली झोपेची गोळी त्याच रात्री लागू पडते. खरी सवय लागते ती तिची, पण भीती मात्र नैराश्याच्या गोळीची!

औषधाआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. मध्येच कधी अतिउत्साहाचे, झोपेविना कामाचे दिवस आले असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावं, औषध बदलतं. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात. बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल किंवा नवऱ्याची दारू गोळीने सुटत नाही, हेही खरंच. पण तिच्यात उठून कुणाशी बोलण्याइतकी उभारी आली, तरी मी गोळी लागू पडली असंच समजतो. बोलायला कुणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि फोन घरच्या कुणीही केला तरी चालतो.